सॅलरी स्लिपमधले दोनशे रुपये आणि बहात्तरचा दुष्काळ

(हा आमच्या ऑडिओ एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये इअरफोन विसरला असाल, किंवा नुसतं वाचायला आवडत असेल तर हा तुमच्यासाठी. बोलण्याच्या ओघातलं थोडंसं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज सुरुवात एका कागदापासून. तुमच्यातले जे नोकरीला लागलेत त्यांनी फोनमध्ये आपली सॅलरी स्लिप उघडा. कपातीच्या रकान्यात एक छोटीशी ओळ असेल. पी.टी., म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. महाराष्ट्रात नोकरी करत असाल आणि पगार महिना दहा हजारांच्या वर असेल तर दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे बरोबर २,५००. मुलींना २०२३ पासून यात सूट मिळाली, त्यांचा पगार महिना २५ हजारांच्या आत असेल तर हा कर नाही.

माझी पहिली सॅलरी स्लिप आली तेव्हा मी पी.एफ. समजून घेतला, टी.डी.एस. समजून घेतला, आणि या दोनशे रुपयांकडे दुर्लक्ष केलं. दोनशेच तर आहेत! मग त्या दिवाळीत गावी गेलो. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. आजीला कौतुकानं पगार सांगितला. तिनं विचारलं, "सगळा हातात येतो का?" मी कपाती वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "म्हंजी कापत्यात अजून. आमच्या वक्ताला म्हनायचे, शहरातल्या नोकरदाराच्या पगारातनं कापून आमाला काम देत्यात म्हनून."

मला वाटलं, आजी काहीतरी गोंधळ करतेय. परत येऊन शोधलं. आजी बरोबर होती.

आजचा एपिसोड त्याबद्दल आहे. हल्ली जगभर एक चर्चा सुरू असते: अर्थव्यवस्था अशी कशी करायची की गरिबाला न्याय मिळेल आणि निसर्गही सावरेल? कामही मिळावं, आणि त्या कामातून माती, पाणी, झाडं वाढावीत. परदेशात यावर जाड जाड अहवाल निघतात, 'ग्रीन जॉब्स' वगैरे शब्द येतात. पण हा प्रयोग पन्नास वर्षांपूर्वी आपल्या दुष्काळी तालुक्यांत होऊन गेलाय, आणि तोही लाखो लोकांना घेऊन. त्याचं नाव रोजगार हमी योजना. त्यात काय जमलं आणि काय जमलं नाही, दोन्ही बघूया. माझ्या मते जे जमलं नाही, तेच आज जास्त महत्त्वाचं आहे.

आधी थोडं मागे: मेहेरबानीचं काम

दुष्काळात सरकारनं काम काढायचं ही कल्पना इंग्रजांच्या काळापासूनची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं कामावर गेली. तेव्हा सर रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्यानं मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि वर एक आणा मिळायचा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याविरुद्ध कामावरून उठून जायला सुरुवात केली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली, सरकारला निवेदनं पाठवली.

पुढं १८८० च्या दशकात 'फॅमिन कोड', म्हणजे दुष्काळ संहिता आली. दुष्काळ जाहीर झाला की कामं कशी काढायची, याचे नियम ठरले. पण त्यातली मूळ भावना तीच राहिली. दुष्काळ आहे की नाही, हे कलेक्टर ठरवणार. काम द्यायचं की नाही, हे सरकार ठरवणार. उपाशी माणसानं वाट बघायची. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं हीच पद्धत चालली.

विसापूरचा माणूस

आता येऊया सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, विसापूर गावी. इथले वि. स. पागे, म्हणजे विठ्ठल सखाराम पागे. गांधीवादी कार्यकर्ते. १९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते.

पागेसाहेबांच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता. गावात काम करायला हात आहेत. गावात करण्यासारखं कामही आहे, बांध घालायचेत, विहिरी खोदायच्यात, रस्ते करायचेत. मग हात रिकामे का? मधे अडतं ते फक्त पैशापाशी. ते पैसे सरकारनं घालावेत, आणि जो काम मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे, असं ते म्हणत. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे सरकारनं त्या दिशेनं प्रयत्न करावेत, इतकंच. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. पागेंचं म्हणणं होतं की हे कलम कागदावरून जमिनीवर आणता येईल.

१९६५ च्या सुमारास तासगाव भागात या विचाराचा छोटा प्रयोग सुरू झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. १९६९ मध्ये काही निवडक भागांसाठीच्या विकास योजनेत रोजगाराची हमी हा भाग घेतला गेला, आणि १९७२ मध्ये राज्यासाठी रोजगार हमी योजना जाहीर झाली.

आणि नेमका त्याच वर्षी पाऊस गेला.

बहात्तर

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना फक्त 'बहात्तर' म्हणून बघा. पुढचं ते स्वतःच सांगतील.

खरं तर पाऊस १९७० पासूनच दगा देत होता. १९७२ ला कळस झाला. विहिरी आटल्या, ज्वारी गेली, जनावरं दावणीला मेली किंवा कवडीमोलानं विकली गेली. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, लोक तिला मिलो म्हणायचे. कामावर सुकडी वाटायचे, पीठ-गूळ-तेलाची. आजीला अजून त्या सुकडीची चव आठवते. चांगली होती असं ती म्हणते, पण पुन्हा खायची इच्छा नाही असंही म्हणते.

आजी तेव्हा विशीत होती. कडेवर माझे मोठे काका. आजोबा आणि ती दोघंही खडी फोडायला. "उनाचं बसायचं, पुढ्यात दगडाचा ढीग, हातात हातोडी. डोळ्यात कचरं उडायचं. पन कुनाच्या दारात हात पसरला न्हाई."

नवी योजना बाजूला पडली आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांना जुंपली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या साधारण पाच कोटी. म्हणजे महाराष्ट्रातला दर दहावा माणूस, अगदी मुंबईतली आणि पाळण्यातली माणसं धरूनसुद्धा, त्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर होता.

ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी नंतर याचा बारकाईनं अभ्यास केला. इतकं धान्य बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, याचं मोठं श्रेय या कामांना जातं. लोकांच्या हातात मजुरी आली, म्हणून त्यांना धान्य विकत घेता आलं आणि बाजारात धान्य आलं. भूक फक्त धान्य नसल्यामुळे लागत नाही, खिशात पैसा नसल्यामुळेही लागते. हे बहात्तरनं दाखवून दिलं.

पण ही कामं सहज मिळाली असं समजू नका. काम सुरू करा, मजुरी वेळेवर द्या, यासाठी गावोगाव मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव झाले. डाव्या पक्षांनी, समाजवाद्यांनी, शेतकरी कामगार पक्षानं विधानसभेत आणि रस्त्यावर रेटा लावला. इकडं मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारला कळून चुकलं की दुष्काळ संपला म्हणून ही पन्नास लाख माणसं गप्प घरी जाणार नाहीत.

पैसा कुठून? तुमच्या पगारातून

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. हमी द्यायची म्हणजे पैसा लागतो, आणि तो दरवर्षी लागतो. पाऊस बरा झाला तरी लागतो.

१९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळ्यांना लागू. आणि हा पैसा रोजगार हमीसाठी वेगळा ठेवायचा असं ठरलं. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर आकार, शहरातल्या बिगर-निवासी जागांवर आकार. हे सगळं मिळून जितकं जमेल, तितकीच रक्कम सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची.

एक मिनिट थांबून विचार करा. मुंबईतल्या बाबूच्या पगारातून, पुण्यातल्या गाडीवाल्याच्या करातून, नदीकाठच्या बागायतदाराच्या आकारातून पैसा निघतो आणि माणदेशातल्या कोरडवाहू मजुराला जातो. आणि ही मदत म्हणून वाटली जात नाही, तिच्या बदल्यात बांध उभा राहतो, तलाव खोदला जातो.

शहरातले लोक याला तयार कसे झाले? काहींना खरंच गरिबांचा कळवळा होता. पण हिशेबही होता. गावात काम मिळालं तर लोंढे मुंबईच्या झोपडपट्टीत येणार नाहीत. मोठ्या शेतकऱ्यांनाही वाटलं, आपल्या भागात रस्ते होतील, तलाव होतील. म्हणजे सगळ्यांचे हेतू उदात्त होते असं नाही. पण वेगवेगळ्या लोकांचे स्वार्थ एका चांगल्या कामात बसवता येणं, यालाच तर चांगली पॉलिसी म्हणतात.

मग कायदा आला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. सर्व पक्षांनी पाठिंबा दिला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

यातले मुद्दे साधे होते. ग्रामीण भागातल्या कुठल्याही सज्ञान माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. सुरुवातीला तो दिवसाला फक्त एक रुपया होता, पण तो द्यावा लागणं म्हणजे सरकारनं चूक कबूल करण्यासारखं होतं. स्त्री-पुरुषांना कामाचा दर सारखा. ठेकेदार नाही. खर्चातला मोठा भाग मजुरीवर, किमान साठ टक्के. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर.

टेंपलसाहेबाच्या काळात आणि यात फरक काय? तेव्हा दुष्काळ आहे हे सरकार ठरवायचं. आता मला काम हवंय हे मजूर ठरवणार. मागणी खालून येणार. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

बायकांनी हा हक्क सगळ्यात जास्त वापरला. बऱ्याच कामांवर निम्म्याच्या आसपास बायका असायच्या. पाटलाच्या शेतात जी मजुरी मिळेल ती मुकाट्यानं घ्यायची, यापेक्षा वेगळा एक पर्याय त्यांना पहिल्यांदा मिळाला. १९८० च्या दशकाच्या मध्यात या योजनेवर वर्षाला १५ कोटींहून जास्त मनुष्यदिवस काम होत होतं.

माती आणि पाणी

आता 'हिरवा' भाग. ही कामं कसली होती? बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव, समपातळी चर, झाडं लावणं, रस्ते. त्यातली बहुतेक पाणी आणि माती अडवणारी. १९९० पासून तर फळबागाच रोजगार हमीला जोडल्या. शेतकऱ्याच्या शेतात आंबा, काजू, डाळिंब, चिकू लावायचे, मजुरीचा खर्च योजनेतून. आज महाराष्ट्राचं डाळिंब किंवा कोकणातला काजू बघता, त्यामागं या योजनेचा मोठा हात आहे.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकलंच असेल. तिथं पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकात डोंगरउतारावर चर खोदले, तलाव बांधले. त्यासाठी आदर्श गाव योजनेसोबत रोजगार हमीचाही वापर केला. पण तिथं गावानं आणखी एक गोष्ट केली. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून मग पिकं ठरवायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आजीचा तलाव

गावाकडं असताना आजी मला एक दिवस पाझर तलाव दाखवायला घेऊन गेली. गावापासून दोनेक किलोमीटर. १९८० च्या सुमाराला रोजगार हमीवर झालेला. तिनं त्यात दोन उन्हाळे पाट्या वाहिल्यात. तलावाच्या भरावावर उभी राहून तिनं हातानं खाली दाखवलं. खाली विहिरी, त्यांच्यावर मोटारी, डाळिंबाच्या बागा, कांदा. हिरवंगार.

मग मागं वळून वर दाखवलं. वरच्या अंगाला आमचं दोन एकर माळरान. तिथं बाजरी होते, झाली तर.

पाझर तलावाचं पाणी झिरपतं ते खाली. ज्यांच्या विहिरी खाली, त्यांना पाणी. ते वाईट लोक नाहीत, नियमानं विहिरी काढल्यात, कष्टही करतात. पण आजी जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "आमी पाटी वाहिली, मजुरी मिळाली. पानी त्यांना मिळालं. मजुरी त्याच साली संपली. पानी अजून हाय."

मंडळी, या योजनेचा सगळा इतिहास या चार वाक्यांत आहे. कामात न्याय होता. कामातून जे उभं राहिलं, त्याच्या मालकीत तो नव्हता. मजूर बहुतेक भूमिहीन किंवा कोरडवाहू. तलाव, बंधारा, फळबाग यांचा फायदा जमीनवाल्याला, त्यातही सखल भागातल्याला. निसर्ग सावरला तेव्हा त्याचं व्याज ज्याच्याकडं आधीच होतं त्याच्याकडं गेलं.

जे बिघडलं तेही सांगायला हवं

फक्त कौतुक करून चालणार नाही. खेड्यापाड्यांत या योजनेवर एक म्हण पडली: 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही'. खोटी हजेरीपत्रकं, न केलेली कामं, वाहून गेलेले बंधारे, मजुरीसाठी महिनोन् महिने हेलपाटे. हे घडलं, आणि म्हण उगाच पडत नाही.

दुसरं, १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं, आणि तेच रोजगार हमीवर लागू होतं. ऐकायला छान. पण पैसा त्या प्रमाणात वाढवला नाही. मग कामांची संख्याच कमी झाली. अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की काम मागणाऱ्या अनेकांना ते मिळेनासं झालं. हमी कायद्यात तशीच राहिली, पण प्रत्यक्षात सरकार जेवढं काढेल तेवढंच काम. पैसा बांधलेला नसेल तर हक्क आपोआप आकसतो. आणि उलटंही झालं: ज्या वर्षी कामावर कमी खर्च झाला, त्या वर्षी या नावानं गोळा झालेला कर पडून राहिला किंवा दुसरीकडं वळला, ही तक्रार फार जुनी आहे.

तिसरं, तुमचे ते २,५०० रुपये. राज्यघटनेनं या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीनं ती २,५०० केली. त्यानंतर ती तशीच आहे. त्यामुळं आज महिना पंधरा हजार कमावणारा डिलिव्हरी कंपनीतला क्लार्क आणि महिना पंधरा लाख कमावणारा साहेब, दोघंही वर्षाला तेवढेच २,५०० भरतात. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देण्यासाठी काढलेला कर आता स्वतःच समान राहिलेला नाही. कराचा दर आणि मर्यादा हे कंटाळवाणे विषय वाटतात, पण योजनेचा जीव तिथं असतो.

पाणी कुणाचं? दोन उत्तरं

आजीचा प्रश्न त्या काळातल्या काही लोकांनाही पडला होता, आणि त्यांनी उत्तरंही शोधली.

पहिले विलासराव साळुंखे. पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात त्यांनी खडी फोडणारी माणसं पाहिली, आणि ते अस्वस्थ झाले. एवढे हात खडी फोडतायत, पण पुढच्या दुष्काळात पुन्हा हेच होणार. १९७४ मध्ये त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाड्यानं घेतली. बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर काढली, आणि त्या माळावर पीक घेऊन दाखवलं.

पण त्यांचं खरं काम पुढं आहे. त्यांनी 'पाणी पंचायत' काढली, आणि तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरासाठी. पन्नास एकरवाला असला तरी तेवढंच. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर तिच्यासोबत पाणी विकता येणार नाही. ऊसासारखं पाणी पिणारं पीक नाही. आणि खर्चाचा काही भाग सभासदांनी स्वतः उचलायचा, म्हणजे ते आपलं वाटेल. या धर्तीवर पुरंदर भागात बऱ्याच उपसा योजना झाल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. ऊसाचा मोह मोठा असतो. पण नियम काय असावेत हे तिथं लिहून झालं.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलंच, पागेंच्या विसापूरपासून फार लांब नाही. खानापूर तालुका, येरळा नदी. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप आठवतोय? निदान ऐकलं तरी असेल. संपामुळं अनेक गिरणी कामगार गावी परतले, आणि दुष्काळ म्हणून रोजगार हमीच्या कामावर गेले. युनियन बघितलेली माणसं ही! त्यांनी कामावरच विचारायला सुरुवात केली, आम्ही खडीच का फोडायची? दुष्काळ कायमचा हटेल असं काम का नाही? यातून भारत पाटणकर आणि इतरांच्या साथीनं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी नदीतली थोडी वाळू विकून आलेल्या पैशातून, लोकवर्गणी आणि श्रमदानातून स्वतःचं छोटं धरण बांधलं. नाव ठेवलं बळीराजा स्मृती धरण. आणि ठरवलं की पाणी सगळ्या कुटुंबांना समान, जमीन नसलेल्यांनाही.

बघा, रोजगार हमीच्या कामावरचा मजूर हक्कानं काम मागायला शिकला, आणि त्यातूनच पुढं पाण्याचा हक्क मागायला शिकला.

दिल्लीपर्यंत

महाराष्ट्राचा हा कायदा पुढं देशाला दिशा देणारा ठरला. २००५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यातून सुरुवात झाली, आधी २०० जिल्हे, मग २००८ पासून देशातले सगळे ग्रामीण जिल्हे. त्या कायद्यात वर्षाला कुटुंबामागं शंभर दिवसांची हमी होती. पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, ठेकेदार नाही, ही कलमं वाचली की पागेसाहेबांची आठवण येते. नंतर त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं.

पण दिल्लीनं महाराष्ट्राकडून कामाचा हक्क उचलला. नायगाव आणि बलवडीतला पाण्याचा हक्क मात्र उचलला नाही. तो अजून दोन-चार तालुक्यांच्या आठवणीत आहे.

मग आज काय?

आज जेव्हा कोणी म्हणतं की हवामान बदलतंय, मोठ्या प्रमाणावर झाडं लावा, सोलर बसवा, नद्या वाचवा आणि त्यातून रोजगार द्या, तेव्हा मी तीन प्रश्न विचारतो. तिन्ही बहात्तरनं शिकवलेत.

एक, पैसा कोण देणार, आणि तो फक्त याच कामासाठी बांधलेला आहे का? नसेल तर पहिल्या आर्थिक तंगीत योजना बसेल.

दोन, काम मागण्याचा हक्क कुणाच्या हातात आहे? मागणाऱ्याच्या, की देणाऱ्याच्या? देणाऱ्याच्या हातात असेल तर ती मेहेरबानी, मग नाव काहीही द्या.

तीन, आणि हा आजीचा प्रश्न: काम झाल्यावर जे उभं राहील ते कुणाचं? सोलर पार्कसाठी माळरान भाड्यानं जाईल, तेव्हा विजेचा वाटा तिथल्या भूमिहीनाला मिळेल का? गावानं वाढवलेल्या जंगलाचं उत्पन्न गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत जाईल का? की मजुरी एक वर्ष आणि फायदा दुसऱ्याला पन्नास वर्षं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं महाराष्ट्रानं १९७९ पर्यंत बऱ्यापैकी शोधली होती, वि. स. पागे आणि लाखो मजुरांनी मिळून. तिसऱ्याचं उत्तर नायगावच्या माळावर आणि येरळेच्या काठावर आहे, पण त्याचा कायदा झालेला नाही. तो करणं आपल्या पिढीकडं राहिलंय.

या उन्हाळ्यात आजीला भेटलो तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "कापत्यात का अजून?" मी म्हटलं, हो, दोनशे. ती म्हणाली, "कापू द्यात. पन कुठं जात्यात ते इचार."

तर विचारा, मंडळी. तुमच्या ग्रामपंचायतीला, तुमच्या आमदाराला, माहितीच्या अधिकारात अर्ज करून. आणि घरात बहात्तर पाहिलेलं कोणी असेल तर आज रात्री जेवताना फोन बाजूला ठेवून त्यांना विचारा, तुम्ही कुठल्या कामावर होता? जे सांगतील ते रेकॉर्ड करून ठेवा. हवं तर आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

आज इथंच थांबतो. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि ऐकत राहा!